रक्ताच्या तपासणीआधी एक वही: उशिरा त्रास देणारं अन्न कसं शोधायचं

तीन वर्षांपूर्वी मी एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं आणि आठवड्याभराने घरी रंगीत छपाईची अकरा पानं आली. दोनशेहून अधिक पदार्थांची यादी, प्रत्येकासमोर हिरवा, पिवळा नाहीतर लाल पट्टा. लाल पट्ट्यात कोण होतं? तांदूळ, नारळ, बांगडा, उडीद, लसूण. म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात रोज जे शिजतं ते सगळंच. आजीने यादी ऐकली आणि म्हणाली, "भात सोडून माणूस जगतलो कसो गो?" मी तरी दोन महिने काढले. वजन पाच किलो उतरलं, पोट फुगायचं ते फुगतच राहिलं, आणि दर मे महिन्यात ओठांभोवती येणारं पुरळ त्या मेमध्येही वेळेवर हजर झालं.

शेवटी जे सापडलं ते शंभर पानी वहीत सापडलं. पोटाचं कारण दूध निघालं. पुरळाचं कारण तर पोटापर्यंत पोचतच नव्हतं, तो आंब्याच्या देठाचा चीक होता. त्या अकरा पानांत दूध आणि आंबा, दोघंही हिरव्या पट्ट्यात होते.

मी डॉक्टर नाही. पण ज्या क्रमाने हे करायला हवं होतं तो क्रम नंतर डॉक्टरांकडून आणि स्वतःच्या चुकांतून शिकले, तो इथे लिहिते. जिथे घरच्या घरी पुढे जायचं नाही ती ठिकाणंही सांगते, ती मात्र गाळू नका.

आधी घड्याळ बघा

"कोळंबी खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले" आणि "काल रात्री जेवले, आज सकाळपासून पोट गच्च आहे" या तक्रारी वेगळ्या जातीच्या आहेत. खाल्ल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, यावरून निम्मं उत्तर मिळतं.

काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, उलट्या, खोकला, श्वास लागणं, चक्कर येणं ही तात्काळ ॲलर्जी. यात आयजीई नावाची प्रतिपिंडं काम करतात. ही जीवघेणी होऊ शकते. आपल्याकडे याला "पित्त उठलं" म्हणून आमसुलाचं पाणी अंगाला लावायची पद्धत आहे. त्याने खाज निवत असेल, पण आवाज बसला, घसा आवळला, श्वासाला घरघर लागली किंवा भोवळ आली, तर आमसुलं भिजत घालत बसू नका. 108 ला फोन करा, माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा (दम लागत असेल तर बसतं ठेवा), त्याला चालायला लावू नका आणि जवळच्या दवाखान्यात "ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी वाटतंय" असं स्पष्ट सांगा. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, तेच खरं औषध. सेट्रिझिनची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. असं एकदा जरी झालं असेल, तर पुढे लिहिलेला घरगुती प्रयोग त्या पदार्थासाठी तुमच्यासाठी नाही. तुम्ही ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा.

उशिरा, म्हणजे काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणारा त्रास हा या लेखाचा विषय. "उशिराची ॲलर्जी" या एका नावाखाली सहा-सात वेगळे आजार कोंबलेले असतात. काहींमध्ये प्रतिकारशक्तीचा संबंध असतो, काहींमध्ये अजिबात नसतो. म्हणूनच सगळ्यांना एक रक्ततपासणी लागू पडत नाही.

कोणत्या तक्रारीला कोणती तपासणी

दुधानंतर अर्ध्या तासापासून काही तासांत पोट फुगणं, गुरगुरणं, पातळ शौचाला होणं हे बहुतेक वेळा लॅक्टोज न पचण्याचं लक्षण. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर मोठेपणी बऱ्याच जणांत कमी होतं. ही ॲलर्जी नाही. मोठ्या शहरांत पोटविकारतज्ज्ञांकडे यासाठी श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी होते. ती जमली नाही तरी दूध बंद करून पुन्हा सुरू करण्याने तेच कळतं, आणि त्यासाठी कोल्हापूर-मुंबईची गाडी पकडावी लागत नाही.

गव्हानंतर पोटाचा त्रास, रक्त कमी असणं, वजन न वाढणं, मुलाची उंची न वाढणं असेल तर सिलिॲक आजाराचा विचार करावा लागतो. गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, असा हा प्रकार. यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी असते, सोबत एकूण आयजीएही बघतात, आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेतात. ही तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. गहू सोडला की तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. कोकणात ही अडचण जास्तच, कारण कितीतरी घरांत दोन्ही वेळ भात आणि तांदळाची भाकरी असते, चपाती रविवारपुरती. तसं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तपासणीआधी किमान 6 आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू असावा, असा सल्ला दिला जातो.

घास छातीत अडकणं, भाताचा घास पाण्याशिवाय न उतरणं हे महिनोन् महिने चालू असेल तर अन्ननलिकेचा इओसिनोफिलिक दाह असू शकतो. त्याचं निदान दुर्बिणीनेच होतं. घरी पदार्थ सोडून बघण्याआधी डॉक्टर गाठा.

कांदा, लसूण, गहू, कुळीथ, चवळी, फणस आणि भरपूर पिकलेला आंबा खाल्ल्यावर पोटात गॅस धरत असेल, तर तिथे आतड्यात आंबणाऱ्या साखरा कारणीभूत असू शकतात. त्यांना फॉडमॅप म्हणतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने त्यांचा आहार विकसित केला. यासाठी कोणतीही रक्ततपासणी नाही. मे महिन्यात दिवसाला सहा हापूस खाऊन पोट बिघडलं की त्याला ॲलर्जी म्हणायची गरज नाही, हे माझं वैयक्तिक मत.

मटण खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी, म्हणजे ऐन मध्यरात्री, गांधी उठत असतील तर ती अल्फा-गॅल नावाच्या साखरेची ॲलर्जी असू शकते. काही जातींच्या गोचिडी चावल्यामुळे ती जडते. अमेरिकेच्या आग्नेय भागात ती बरीच दिसते. उशिरा येते म्हणून सौम्य समजू नका, ही जीवघेणी ठरू शकते. तिची रक्ततपासणी असते.

आणि महिनोन् महिने जवळजवळ रोज गांधी उठत असतील, तर त्यामागे अन्न सापडण्याची शक्यता कमीच. अशा माणसाला खाण्यातून एकेक पदार्थ काढायला लावणं म्हणजे त्याचा छळ आहे.

ती दोनशे पदार्थांची तपासणी

ती आयजीजी किंवा आयजीजी-4 प्रतिपिंडं मोजते. ही प्रतिपिंडं आपण जे नेहमी खातो त्याविरुद्ध निरोगी माणसातही तयार होतात. शरीराने तो पदार्थ पाहिला आहे, इतकंच त्यातून कळतं. आयजीजी-4 तर पदार्थ सहन होत असल्याची खूण असते. म्हणून आमच्या घरात तांदूळ-नारळ-बांगडा लाल आले. पंजाबातल्या माणसाचे गहू आणि दूध लाल आले असते. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्ये आणि कॅनडातल्या संघटनेने 2012 मध्ये ही तपासणी अन्नाच्या त्रासाचं निदान करायला वापरू नये असं लेखी सांगितलं आहे. केसांची तपासणी आणि हातात बाटली धरून ताकद बघणं, यांच्यावर तर मी शाईही खर्च करणार नाही.

खऱ्या आयजीई तपासण्या दोन आहेत: त्वचेवर टोचून 15-20 मिनिटांत फुगवटा बघणं, आणि रक्तातली त्या पदार्थाची आयजीई. टोचण्याच्या तपासणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, किती ते डॉक्टर सांगतील. पण या तपासण्या तात्काळ ॲलर्जीसाठी आहेत, उशिराच्या पोटदुखीसाठी नाहीत. शिवाय "पॉझिटिव्ह" म्हणजे ॲलर्जी असं नसतं. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही जवळपास तसंच असतं. आमच्यासारख्या दमट, पावसाळ्यात गाद्यांना वास येणाऱ्या घरांत धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेले लोक पुष्कळ. त्यांचा कोळंबीचा आकडा वाढलेला येऊ शकतो आणि तरी ते आयुष्यभर सुखाने कोळंबी खात असतात. खाऊन त्रास होत नसेल तर कागदासाठी कोळंबी सोडू नका.

कोकणातली दोन सोंगं

इथे थोडी रेंगाळते, कारण आमच्या भागात ॲलर्जी म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंच या दोन गोष्टींचं असतं.

पहिलं सोंग बांगड्याचं. बांगडा, तारली, कुपा या मासळीत हिस्टिडिन भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन म्हणजे ॲलर्जीत आपलं शरीर सोडतं तेच रसायन. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, पोट बिघडतं, आणि बहुधा दिवसभरात उतरतं. तळल्याने, उकळल्याने, तिरफळं घालून आमटी केल्याने हिस्टामिन जात नाही. ओळख अशी: त्याच टोपातलं खाणाऱ्या इतरांनाही त्रास झाला का? ताजा बांगडा आधीही खाल्लात आणि नंतरही खाल्लात तर काही होत नाही का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर दोष बांगड्याचा नाही, बर्फाचा आहे. माझ्या मामाने या एका प्रसंगानंतर चार वर्षं मासे सोडले होते. दुपारी बारा वाजता स्कूटरवरून फिरणाऱ्या टोपलीत बर्फ किती उरलाय ते बघून घ्या, घरी आणल्यावर लगेच साफ करून फ्रिजमध्ये टाका. "डोळो बघ, पोट दाब" हा आजीचा मंत्र चांगला, पण मासा दिसायला ठीक असूनही हिस्टामिन असू शकतं. तरी श्वास लागला किंवा भोवळ आली तर हे ॲलर्जी की हिस्टामिन असा वाद घरी घालू नका, दवाखान्यात जा.

दुसरं सोंग आंबा, काजू आणि बिब्ब्याचं. तिघंही एकाच आम्रकुलातले. आंब्याच्या चिकात आणि सालीत, काजूच्या टरफलातल्या तेलात आणि बिब्ब्यात त्वचेला चिडवणारी एकमेकांच्या नात्यातली रसायनं आहेत. ही मात्र खरीखुरी उशिराची ॲलर्जी. चीक आज लागतो, पुरळ उद्या-परवा उठतं. त्यामुळे मंगळवारच्या आंब्याचा दोष बुधवारच्या कोळंबीवर जातो. ओळख: पुरळ ओठांभोवती, बोटांवर, आंबा चोखताना रस ओघळतो तिथे. निदानासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट लावतात. पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. उपाय सोपा: बागेत आंबा देठासकट काढतात तसाच घरी आणा, देठाकडचा भाग जाड कापून टाका, फळ धुवा, साल दुसऱ्या कुणीतरी काढावी आणि तुम्ही फोडी काट्याने खाव्या. आमच्याकडे आता धाकटी बहीण सोलते आणि त्याचा मोबदला म्हणून बाठ्या तीच चोखते. ओले काजूगर सोलताना हाताला खोबरेल चोळायची जुनी रीत आहेच, पुरळ येणाऱ्याने हातमोजे घालावे. काजूगर खाऊन मिनिटांत गांधी, उलटी, घरघर होणं ही मात्र वेगळी आणि धोक्याची गोष्ट. त्यात अनेकदा पिस्ताही सोसत नाही.

पहिली पायरी: दोन आठवडे वही

काही सोडू नका, काही बदलू नका, फक्त लिहा. डाव्या पानावर वेळ आणि पदार्थ, उजव्या पानावर वेळ आणि त्रास. त्रासाला 0 ते 10 गुण द्या, नाहीतर आठवड्याने "जरा बरं होतं" म्हणजे काय ते आठवत नाही.

पदार्थ म्हणजे "माशाची आमटी" नव्हे. वाटपात काय होतं, तळलेल्या तुकड्याला रवा लावला होता की तांदळाचं पीठ, चटणीत जवळा होता का, डाळीला हिंग होता का, हे सगळं. गव्हाने पोट बिघडणाऱ्या बाईने रव्यातली सुरमई खाऊन सुरमई सोडल्याचं मी पाहिलंय. शेजारी त्या दिवशीच्या गोळ्या लिहा, विशेषतः डोकेदुखी-सांधेदुखीच्या, तसंच मासिक पाळी, दारू, झोप, दमवणारं काम. काही जणांत एरवी चालणारा पदार्थ वेदनाशामक गोळी, दारू किंवा व्यायाम यांच्या जोडीनेच त्रास देतो.

जुनं कॅलेंडरही काढा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद असते, त्याला लागून श्रावण. म्हणजे वर्षातून एकदा आपल्यावर आपोआपच प्रयोग होतो. या दिवसांत त्रास थांबतो का? पण सावध. बंदीत ताजी मासळी कमी झाली तरी सुकट, सोडे, सुके बोंबील डब्यातून बाहेर येतात. आणि श्रावणात मासे जातात तशी साबुदाण्याची खिचडी येते, शेंगदाण्याचं कूट येतं, दूध वाढतं. माझं पोट दर श्रावणात बिघडायचं आणि आई म्हणायची, मासे सोडले म्हणून.

दुसरी पायरी: संशयित ठरवा आणि काढा

वहीत जे दोन-तीन पदार्थ पुन्हा पुन्हा त्रासाच्या आधी दिसतात तेवढेच निवडा. सगळं एकदम काढण्याचा मोह होतो, मीही तेच केलं होतं. वजन कमी असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, मधुमेहावर औषधं घेणारे, दमा काबूत नसलेले आणि सगळी लहान मुलं, यांनी हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाशिवाय करू नये. शौचात रक्त, ताप, रात्री उठवणारे जुलाब, कारण नसताना उतरलेलं वजन असेल तर वही बंद करा आणि डॉक्टरांकडे जा, अन्न हा तिथला पहिला प्रश्न नाही.

काढण्याचा काळ 2 ते 4 आठवडे. त्याहून लांबवू नका. विशेषतः इसब असलेल्या माणसाने एखादा पदार्थ फार दिवस पूर्ण बंद ठेवून पुन्हा खाल्ला, तर आधी नसलेली तात्काळ ॲलर्जी उमटू शकते.

या काळात खायचं काय याची चिंता कोकणी स्वयंपाकघराला फारशी नसावी. उकड्या तांदळाची पेज, भात, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पडवळ, लाल भोपळा, भेंडी, कोकमाचं सार, नारळ आणि खोबरेल, संशय नसेल तर मासे किंवा कोंबडी. यात गहू, दूध, शेंगदाणा, सोया काहीच नाही. दूध बंद असेल तर नाचणी वाढवा, 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सोलकढीतलं दूध नारळाचं, ती चालते, फक्त बाहेरच्या सोलकढीत दही-ताक ढकललेलं नाही ना ते विचारा. घावणे चालतात. आंबोळीत उडीद असतो, उडीद संशयित नसेल तर तीही.

चोर दरवाजे मात्र पुष्कळ आहेत. गहू म्हणजे फक्त चपाती नव्हे: बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, कोंबडी-वड्यांच्या पिठात बऱ्याच घरी गहू असतो, शेवया, टोस्ट, खारी, शिमग्याची पुरणपोळी. दूध बिस्किटांत, पावात, चॉकलेटात असतं, आणि काही घरी मोदकाच्या उकडीतही अर्धी वाटी जातं. काजू हॉटेलच्या पांढऱ्या ग्रेव्हीत वाटलेला असतो. कोळंबी जवळ्याच्या चटणीतून, सोड्याच्या पोह्यांतून आणि कोळंबी तळलेल्या त्याच तेलातून येते. कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी आणि मासळीची ॲलर्जी वेगळी, एक असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. तिसऱ्या, कालवं, माकूल यांचं डॉक्टरांना वेगळं विचारा.

पाकीटबंद मालावर मागची बाजू वाचा. भारतात 2020 च्या लेबल नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि 10 मिलिग्रॅम प्रति किलो किंवा अधिक सल्फाइट यांची नोंद करावी लागते. "ग्लूटेनमुक्त" लिहायचं तर प्रति किलो 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावं लागतं. सुट्या फरसाणाला आणि घरगुती मसाल्याला मागची बाजूच नसते. तिथे करणाऱ्याला विचारणं हाच उपाय. "ॲलर्जी आहे" असं म्हटलं की खानावळीत "थोडंसंच आहे हो" असं उत्तर येतं. त्यापेक्षा "यात गव्हाचं पीठ पडतं का? तळायचं तेल एकच आहे का?" असे दोन सरळ प्रश्न जास्त कामाचे.

तीन-चार आठवडे चोख पाळूनही गुणांत फरक नसेल, तर ते पदार्थ निर्दोष. सगळे परत सुरू करा. "आणखी पंधरा दिवस बघू" नको.

तिसरी पायरी: परत आणा

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळं निदान इथेच असतं. पदार्थ काढल्यावर बरं वाटणं हा अर्धा पुरावा. बरं वाटायला पाऊस थांबला, बाहेरचं खाणं सुटलं, आपण स्वतःकडे लक्ष दिलं, एवढंही पुरतं. पदार्थ परत आल्यावर तोच त्रास त्याच अंतराने परत आला, तर पुरावा पूर्ण.

एका वेळी एकच पदार्थ. पहिल्या दिवशी थोडा, त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी नेहमीएवढा, मग दोन दिवस काहीही नवीन नाही. दुधाचं उदाहरण: पाव कप, अर्धा कप, मग एक कप. त्रास झाला तर थांबा, गुण पूर्वीसारखे शून्याजवळ येईपर्यंत वाट बघा, मगच पुढचा पदार्थ. गव्हासाठी साधी चपाती घ्या, पाव नको, कारण पावात दूध-सोयाही असू शकतं आणि कोण बोललं ते कळत नाही. लग्न, गणपती, प्रवास या दिवसांत प्रयोग करू नका.

मन खेळ करतं, हे मान्य करा. दूध वाईट असं ठरवून बसलं की दुधाचा पेला बघूनच माझं पोट गुरगुरायचं. म्हणून बहिणीला मध्ये घातलं. नाचणीच्या सत्त्वात ती एका दिवशी साधं दूध घालायची आणि एका दिवशी लॅक्टोजमुक्त दूध, वर भरपूर गूळ, म्हणजे चव एकच. कोणत्या दिवशी काय ते तिच्याकडच्या कागदावर. सहा दिवसांच्या प्रयोगात साध्या दुधाचे तिन्ही दिवस मी गुणांवरून बरोबर ओळखले. लसणावरचा माझा संशय मात्र याच पद्धतीने साफ पडला.

पदार्थ सापडला तरी "कायमचा बंद" लगेच लिहू नका, मात्रा शोधा. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना कपभर दूध जेवणासोबत चालतं, दही-ताक आणखी सहज चालतं. फॉडमॅपचंही तसंच, फणसाचे दोन गरे चालतील, अर्धा फणस नाही. सिलिॲक आजारात मात्र मात्रेचा खेळ नाही. तिथे ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद आणि तवा-पोळपाटही वेगळे.

लहान मुलांबद्दल

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शौचात रक्ताचे धागे दिसले, तर आईच्या खाण्यातलं गाईचं दूध कारण असू शकतं. बालरोगतज्ज्ञ 2 ते 4 आठवडे ते आईच्या आहारातून काढायला सांगतात आणि बहुधा पुन्हा देऊन खात्री करतात. तेवढ्यावरून अंगावरचं दूध तोडायचं नाही. दुसरा प्रकार घाबरवणारा: नवा पदार्थ खाल्ल्यावर 1 ते 4 तासांनी बाळाला एकामागून एक उलट्या, अंग पांढरंफटक, मलूल. याला एफपायस म्हणतात, आणि यात गांधी उठत नाहीत म्हणून तो ओळखू येत नाही. दूध आणि सोयासोबत तांदूळ हाही त्याचं ओळखीचं कारण आहे. आपल्याकडे बाळाचा पहिला घास पेजेचा असतो, तेव्हा पेजेनंतर दोन तासांनी दोनदा असंच झालं तर "दात येतायत" म्हणून सोडू नका. बाळ मलूल पडलं असेल तर थेट रुग्णालयात जा.

आणि खबरदारी म्हणून बाळाला मासे, अंडी, शेंगदाणे द्यायचेच नाहीत, हे उलट पडतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात, धोका जास्त असलेल्या बाळांना लहानपणीच शेंगदाण्याचा पदार्थ नियमित दिल्यावर त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. अर्थात अख्खा दाणा नाही, घशात अडकतो, कूट किंवा पेस्ट. बाळाला जोराचा इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वहीचं शेवटचं पान

तिथे मी तीन ओळी ठेवल्यात: काय सोसत नाही, किती मात्रेपर्यंत सोसतं, पुन्हा कधी तपासायचं. मुलांची दूध-अंड्याची ॲलर्जी बहुतेकदा वाढत्या वयात जाते, म्हणून त्यांची तारीख डॉक्टर ठरवतात, साधारण सहा महिने ते वर्षाने. कोळंबी आणि काजूची बहुधा टिकते. माझ्या पानावर लिहिलंय: दूध, चहापुरतं ठीक, पेलाभर नाही, आंबा, फोडी ठीक, चोखणं नाही, पुढची तपासणी गणपतीनंतर, एक कप बासुंदीने.